शेवटचा ट्रे ओला असेपर्यंत

एकोणीसशे चौऱ्याऐंशी साल. त्या वर्षी विद्यापीठात पहिला मोठा संगणक यायचा होता, आणि येण्याआधीच त्याने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. त्याला ऊन चालत नाही, धूळ चालत नाही, फार माणसं आजूबाजूला चालत नाहीत, असं रोज काहीतरी नवीन कळायचं. रुसक्या पाहुण्यासारखी त्याची सरबराई चालली होती. शेवटी भौतिकशास्त्राच्या इमारतीचं तळघर त्याला द्यायचं ठरलं. तळघर थंड होतं, भिंती जाड होत्या आणि वर्दळ मुळीच नव्हती. अडचण एवढीच होती की तळघरात तडेबाई होत्या.

तडेबाई हे विद्यार्थ्यांनी ठेवलेलं नाव. ते तोंडोतोंडी इतकं रुळलं की फाटकावरचा पहारेकरीसुद्धा बाहेरून आलेल्या माणसाला "तडेबाईंकडे ना? खाली जा," म्हणून सांगायचा. बाईंना त्या नावाचा राग नव्हता. उलट, आपण आयुष्यभर काय केलं ते एका शब्दात सांगणारं नाव फुकट मिळालं, असं त्या म्हणायच्या.

त्यांचं काम होतं तड्यांचं. ओली वस्तू वाळताना तिला तडा का जातो, पहिला तडा कुठे जातो, दुसरा त्याला कसा येऊन भेटतो. त्यांच्या खोलीत लांबलचक टेबलांवर ॲल्युमिनियमचे ट्रे मांडलेले असत. कुणात बोटभर जाडीचा चिखल, कुणात कागदासारखा पातळ थर. वर एक पंखा, त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावलेली, कुणी वेग बदलू नये म्हणून. कोपऱ्यात तिपाईवर कॅमेरा, थोड्या थोड्या वेळाने आपोआप खट करणारा. पातळ थराला बारीक बारीक तुकडे पडत, जाड थराला मोठे. नंतरचा तडा आधीच्या तड्यापाशी काटकोनात येऊन थांबे, त्यामुळे वाळलेल्या चिखलाकडे पाहून कोणता तडा आधीचा आणि कोणता नंतरचा हे बाई घडाघडा सांगत. लोक त्या खोलीला वाळवणखोली म्हणत.

या खोलीत भौतिकशास्त्राची माणसं फारशी उतरत नसत. यायचे ते परके. सगळ्यात आधी आले धरणवाले सर. ते इंजिनिअरिंगचे प्राध्यापक. मातीचे बांध हा त्यांचा विषय. एका दुपारी खांद्यावर मातीचं पोतं टाकून ते जिना उतरले आणि धापा टाकत म्हणाले, "बाई, माझा बांध फुटतो. कुठून फुटणार ते आधी सांगता येईल का?" मग काही वर्षांनी आले हाडांचे डॉक्टर. त्यांनी घातलेलं प्लास्टर नेमकं कोपराच्या वळणावरच का तडकतं, हे त्यांना हवं होतं. दोघांबरोबर बाईंनी वर्षानुवर्षं काम केलं आणि दोघांबरोबर शोधनिबंध लिहिले.

नावं लिहायची वेळ आली की बाईंचं एक ठरलेलं असे. आपण दुसऱ्यांच्या घरी गेलेले पाहुणे, तेव्हा तिथल्या रीतीने वागायचं. धरणवाल्यांच्या घरची रीत अशी, की ज्याचं काम त्याचं नाव पहिलं, आणि मदतीला आलेल्यांची नावं उतरत्या क्रमाने शेवटाकडे. बाई म्हणाल्या, "माझं शेवटी टाका." डॉक्टरांच्या घरची रीत बरोबर उलटी. तिथे हातांनी काम केलेल्या धाकट्याचं नाव पहिलं, आणि घरातल्या कर्त्या माणसाचं शेवटी. बाई म्हणाल्या, "मग माझं पहिलं टाका." दोन्ही घरांत त्यांनी आपण होऊन धाकटेपण घेतलं आणि पुन्हा चिखल कालवायला लागल्या. त्यात त्यांना काही गैर वाटलं नाही. संगणक यायचा नसता तर कधी वाटलंही नसतं.

विभागप्रमुख एका सकाळी तळघराच्या जिन्यावर येऊन उभे राहिले. शेवटची पायरी ते कधी उतरत नसत. पँट दोन्ही हातांनी किंचित वर धरून, जणू चिखल उडी मारून येणार आहे अशा बेताने ते तिथूनच बोलत. माणूस वाईट नव्हता. फक्त कागदावर नसलेल्या कुठल्याही गोष्टीची त्यांना भीती वाटायची.

"बाई, खोलीचं ठरलं," ते म्हणाले.

"काय ठरलं?"

"संगणकाला द्यायचं."

"पण सर, त्याला दमट हवा चालत नाही म्हणतात. इथे सगळी ओल."

"ओल तुमच्या चिखलामुळे आहे. तुम्ही गेलात की ओल जाईल. मी तसं लिहून दिलंय."

बाईंनी हातातला झारा खाली ठेवला. "मी कुठे जाऊ?"

"वर कॉमन रूममध्ये एक टेबल देऊ की."

"टेबलावर चिखल वाळवू?"

विभागप्रमुख जरा ओशाळले. मग हळूच म्हणाले, "एक वाट आहे. प्राध्यापकांची खोली त्यांच्या संमतीवाचून काढता येत नाही, असा नियम आहे. तुमच्यासारख्या प्रपाठकांची काढता येते. प्राध्यापकाची एक जागा निघाली आहे. तुम्ही अर्ज करा."

"मग करते."

"करा. पण…" त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "किमान अमुक इतके निबंध मुख्य लेखक म्हणून हवेत. शिवाय ते निबंध इतर किती संशोधकांनी आपल्या निबंधांत आधाराला घेतले, तेही दाखवावं लागतं. तुमची यादी मी पाहिली. धरणाच्या निबंधांत तुमचं नाव शेवटी. म्हणजे तुम्ही मदतनीस. हाडांच्या निबंधांत पहिलं आहे, पण ते आपल्या विषयातले नाहीत. उरले ते तुमच्या गुरुजींबरोबरचे जुने. ते इतके जुने आहेत की…" वाक्य पुरं न करता ते पँट सावरत वर गेले.

संध्याकाळी घरी बाईंनी सगळं सांगितलं. त्यांच्या यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं. घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई, खिडकीपाशी बसून सदानकदा स्वेटर विणणाऱ्या. त्यांची नजर सुयांवर असे आणि कान घरभर.

"म्हणजे एवढी वर्षं चिखल तुडवलास," सासूबाई म्हणाल्या, "आणि आता हे विचारतात, तू कोण?"

"तसं नाही आई. नावांचा क्रम असतो, त्याचं आहे ते."

"मग पुढे का नाही उभी राहिलीस?"

"हाडांच्या निबंधांत पुढेच आहे मी."

"मग?"

"तिथे पुढचा म्हणजे धाकटा."

सासूबाईंनी सुया मांडीवर ठेवल्या. "असं कसं गं तुझं? जिथे मागे राहायचं तिथे पुढे, जिथे पुढे व्हायचं तिथे मागे. फोटो काढतानासुद्धा तू हेच करतेस. सगळ्या फोटोंत तुझं अर्धं डोकं."

"आणि डोळे मिटलेले," यजमान म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो. तुम्ही काढलेत ते फोटो."

यजमान हसले आणि चहा ओतता ओतता म्हणाले, "तुझं लिहिणं किती जणांनी वापरलं, हे मोजतात कसं?"

"ग्रंथालयात जाडजूड सूची असते. कुणी कुणाचा आधार घेतला, सगळं छापलेलं. पण टाइप इतका बारीक की मुंग्या बऱ्या."

"मग मी येतो," यजमान म्हणाले. "भिंगं घेऊन."

शनिवारी दुपारी दुकान बंद करून ते खरोखरच आले, खिशात दोन भिंगं घालून. ग्रंथपालबाई तडेबाईंची जुनी मैत्रीण. मैत्रिणीची खोली जाणार हे ऐकून ती आधीच तापली होती. तिने लाल पुठ्ठ्याचे खंड दाणदाण टेबलावर आणून टाकले.

"विभागप्रमुखांचा निरोप आहे," ग्रंथपालबाई म्हणाली. "फक्त भौतिकशास्त्राच्या नियतकालिकांतले मोजायचे. बाकीचे धरायचे नाहीत."

"मग लवकर आटपेल," तडेबाई म्हणाल्या.

आटपलंच. भौतिकशास्त्रात त्यांचा आधार घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातला एक त्यांचाच विद्यार्थी होता, आणि त्यानेही साल चुकवलं होतं. यजमान भिंग पुसत बसले.

"आता न धरायचे बघू," ग्रंथपालबाई म्हणाली.

"कशाला? ते चालणार नाहीत."

"मला बघायचेत. माझं ग्रंथालय आहे."

त्या सूचीत निबंध पहिल्या नावाखाली लावलेले असत. तडेबाईंच्या नावाखाली फक्त हाडं सापडली. धरणाचे निबंध शोधायला धरणवाल्या सरांचं नाव काढावं लागलं. सर जाऊन दोन वर्षं झाली होती. नाव वाचताना तडेबाईंचं बोट क्षणभर तिथेच थांबलं. मग यजमानांनी वाचायला सुरुवात केली आणि ग्रंथपालबाई नियतकालिकांची नावं सांगू लागली, आणि हळूहळू तिघांच्याही लक्षात काहीतरी येऊ लागलं.

धरणाचे निबंध धरणवाल्यांनी थोडेच वापरले होते. ते वापरले होते दातांच्या डॉक्टरांनी. जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या कुणी वापरले होते. चिनीमातीच्या भांड्यांवरचं लुकण, म्हणजे काचेसारखी झिलई, तडकू नये म्हणून धडपडणाऱ्या कुणी वापरले होते. आणि प्लास्टरचा निबंध? तो रस्ते बांधणाऱ्यांनी उचलला होता, आणि आटलेल्या तलावांचा अभ्यास करणाऱ्या एका माणसाने तर पुन्हा पुन्हा.

ग्रंथपालबाई खुर्चीत मागे रेलली. "बाई, तुमचे निबंध स्वतःच्या घरी जेवतच नाहीत हो. सगळे शेजारी!"

तिघेही इतके हसले की वाचनकक्षातल्या लोकांनी माना वर केल्या, आणि ग्रंथपालबाईला स्वतःलाच शूऽऽ करावं लागलं.

त्या दिवशी घरी परतताना तडेबाईंना फार बरं वाटत होतं. खोली जाणार हे जवळजवळ नक्की होतं, तरी. आपला चिखल इतक्या लांब लांबच्या घरांत जाऊन पोचला, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. यजमान त्यांच्या शेजारून खिशातली भिंगं खुळखुळवत चालले होते.

"आणखी एकदा जाऊ या पुढच्या शनिवारी," ते म्हणाले. "तो तलाववाला माणूस मला आवडला."

मुलाखतीच्या दिवशी सासूबाईंनी दारातच गाठलं. "हे बघ, विचारतील तेवढंच बोल. आपण होऊन काही सांगत बसू नकोस. तुला सवय आहे."

"बरं आई."

"बरं म्हणतेस आणि सांगतेस."

विभागप्रमुखांनीही सभागृहाबाहेर तेच बजावलं. "थोडक्यात उत्तरं द्या. मलाही वाटतं बाई, की तुम्हाला मिळावं. पण यादी तशी अडचणीचीच आहे." आणि ते आत जाऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. त्यांना समितीत बसायचं होतं, बोलायचं नव्हतं.

टेबलापलीकडे तिघे होते. मधोमध कुलगुरू, लहानखुरे, मूळचे गणिताचे, पेन्सिलीचं टोक चावायची सवय असलेले. डावीकडे बाहेरगावाहून आलेले एक वृद्ध इंजिनिअर. उजवीकडे वैद्यकीय महाविद्यालयातल्या शल्यविशारद डॉक्टरबाई, करड्या चेहऱ्याच्या, बोटांत पेन शस्त्रासारखं धरलेल्या. तिघांपुढे तडेबाईंची यादी होती.

सुरुवात डॉक्टरबाईंनी केली. "मी आपली यादी बारकाईने वाचली. मातीच्या बांधांचे हे निबंध. पाच पाच, सहा सहा जणांचा चमू, आणि प्रत्येक ठिकाणी शेवटचं नाव आपलं. म्हणजे हा सगळा गट आपण चालवलात. कौतुक आहे."

तडेबाईंनी डोळ्यांची उघडझाप केली.

"आणि मी म्हणतो, हे प्लास्टरचे पाहा ना," वृद्ध इंजिनिअर म्हणाले. "माझा विषय नाही तो, पण सगळीकडे पहिलं नाव यांचं. म्हणजे मुख्य लेखक याच. डॉक्टर लोक मागून मदतीला."

"मला एक कळत नाही," कुलगुरू पेन्सिल चावत म्हणाले, "ही नावं आद्याक्षराप्रमाणे का लावलेली नाहीत?"

"आद्याक्षराप्रमाणे कोण लावतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"आम्ही लावतो. गणितात सगळेच लावतात. नाहीतर भांडणं होतात."

कोपऱ्यात विभागप्रमुख खुर्चीत सरळ झाले. काय घडतंय ते त्यांना तडेबाईंच्याही आधी कळलं होतं. डॉक्टरबाईंनी धरणाचे निबंध डॉक्टरांच्या रीतीने वाचले होते, आणि इंजिनिअरांनी हाडांचे निबंध इंजिनिअरांच्या रीतीने. दोघांनी चुकीच्या घरात शिरून बाईंना कर्तं करून टाकलं होतं. मुख्य लेखकपदाचा नियम पुरा होऊन वर निबंध उरत होते. विभागप्रमुखांनी तडेबाईंकडे पाहून ओठ घट्ट मिटले आणि डोळे मोठे केले. याहून स्पष्ट सांगणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

तडेबाईंना कळलं. खाली तळघरात त्याच सकाळी ओतलेला ट्रे होता, अजून लोण्यासारखा चमकणारा. गप्प राहिलं की तो ट्रे तिथेच राहणार होता. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. कुणी काही विचारलंही नव्हतं. सासूबाईंचं बजावणं कानात होतं.

पण डॉक्टरबाई यादीवर पेन ठेवून म्हणाल्या, "हे पहिल्या नावाचे गृहस्थ, हे आपल्या हाताखाली होते का? आपला विद्यार्थी?"

पेन धरणवाल्या सरांच्या नावावर होतं.

तडेबाईंना जिना उतरणारं ते मातीचं पोतं दिसलं, सरांच्या कोटाच्या खांद्यावर उमटलेला ओला डाग दिसला. त्या म्हणाल्या, "नाही. ते माझे विद्यार्थी नव्हते. तो निबंध त्यांचा आहे. इंजिनिअर लोकांत पहिलं नाव कर्त्याचं असतं. मी मदतीला होते, म्हणून शेवटी."

विभागप्रमुखांनी डोळे मिटून घेतले.

"आणि प्लास्टरचे?" इंजिनिअरांनी विचारलं.

"त्यांच्यात उलट असतं. पहिली मी, कारण मी बसून काम केलं. कर्ते डॉक्टर. ते शेवटी आहेत."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "आमच्यात तसंच असतं, खरं आहे. मी ते आपल्या… म्हणजे इंजिनिअरांच्या यादीला लावलं. चूक माझी." चूक कबूल करतानाही त्यांचा आवाज करडाच होता. "म्हणजे आपण मुख्य लेखक कुठेच नाही?"

"नाही."

"मग आपण नेमकं केलंत काय?"

"तडा मी पाहिला," त्या म्हणाल्या. "माती त्यांची, हाड त्यांचं. त्यातला तडा माझा. मातीत आधीचा कोणता, नंतरचा कोणता, ते बघून सांगता येतं. नावांत नाही सांगता येत."

कुलगुरूंनी पेन्सिल तोंडातून काढली, यादी ओढून घेतली आणि एकेका निबंधातलं एक एक नाव हलक्या हाताने खोडू लागले. आधी इतर सगळ्यांची खोडून पाहिली, मग रबराने पुसलं, मग फक्त तडेबाईंचं खोडून पाहिलं.

"गंमत आहे," ते म्हणाले. "बाकी कुणाचंही नाव काढलं तर यादी तशीच राहते. यांचं काढलं, की धरण आणि हाड यांची एकमेकांशी ओळखच उरत नाही. सगळ्यांत सामाईक असं नाव हे एकच आहे." मग वर पाहत त्यांनी विचारलं, "हे निबंध कोण वापरतं?"

तडेबाईंनी दातांच्या डॉक्टरांचं सांगितलं, चित्रांचं सांगितलं, तलाववाल्याचं सांगितलं. सांगता सांगता त्या इतक्या रंगल्या की आपली मुलाखत चाललीय हेच विसरल्या. वृद्ध इंजिनिअर टेबलावर कोपर टेकून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "लुकण तडकण्याचं काय कारण सांगितलं त्यांनी?" आणि मग बराच वेळ लुकणावरच गेला.

शेवटी डॉक्टरबाईंनी घड्याळ पाहिलं. "सगळं ऐकलं. मला पटलंही. पण नियमात मुख्य लेखक लिहिलंय. सामाईक लेखक लिहिलेलं नाही. मी सही करणार नाही."

"नियम तसाच आहे," कुलगुरू म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही. "ही जागा देता येणार नाही, बाई."

"समजलं, सर."

"खोलीचं काय प्रकरण आहे? कुणीतरी मला म्हणालं."

कोपऱ्यातून विभागप्रमुख बोलले, त्या दिवशीचं पहिलं आणि शेवटचं. "संगणकाला द्यायचीय, सर. पण चालू प्रयोग मध्येच मोडावा असं माझं म्हणणं नाही. प्रयोग संपला की द्यावी."

"प्रयोग कधी संपतो?" कुलगुरूंनी तडेबाईंना विचारलं.

"ट्रे वाळला की."

"मग असं लिहून घ्या. शेवटचा ट्रे ओला असेपर्यंत खोली बाईंकडे." विभागप्रमुखांनी लगबगीने लिहून घेतलं. कागदावर आलं, तसा त्यांचा जीव भांड्यात पडला. महिन्याभराचा प्रश्न, असा त्यांचा हिशोब असावा.

कुलगुरूंनी पुन्हा पेन्सिल तोंडात घातली. "जाड थराला वाळायला फार वेळ लागत असेल, नाही?"

"किती जाड, त्यावर आहे, सर."

"हं," कुलगुरू म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या उमेदवाराला बोलावलं.

घरी सासूबाईंनी तोंडाकडे पाहूनच ओळखलं. "बोललीस ना?"

"बोलले."

"मला ठाऊक होतं." त्यांनी सुया जोरजोरात चालवल्या. "गेली मग जागा."

"जागा गेली. खोली राहिली." आणि तडेबाईंनी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

सासूबाईंच्या सुया थांबल्या. मग त्यांचे खांदे हलू लागले. हसू आवरेना तशा त्यांनी पदर तोंडाला लावला. "अगं, मग बसलीस काय? उद्या जा आणि ओत जाड! आणि तो वाळायच्या आत दुसरा ओत!"

"तेच करणार आहे, आई."

"तुझ्या कुलगुरूला डोकं आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडून कुणाची याहून मोठी स्तुती आजवर घरात कुणी ऐकली नव्हती.

पुढे संगणक आला. तळघरात ट्रे ओला होता, म्हणून तो वरच्या मजल्यावर विभागप्रमुखांच्याच खोलीत बसला, कारण थंड ठेवता येण्याजोगी दुसरी खोली नव्हती. विभागप्रमुख काही दिवस धुमसले. पण संगणकासाठी लावलेली गार हवा त्यांनाही मिळू लागली, तेव्हा उन्हाळ्यात त्यांना त्या खोलीतून बाहेर काढणं मुश्कील झालं.

डॉक्टरबाई वर्षाच्या आत तळघरात आल्या, हातात एक तडकलेलं प्लास्टर घेऊन. दोघींनी मिळून निबंध लिहिला. नावांची वेळ आली तेव्हा तडेबाई म्हणाल्या, माझं पहिलं, धाकटं. डॉक्टरबाई म्हणाल्या, अजिबात नाही. चांगली खडाजंगी झाली. शेवटी दोघींनी नावं आद्याक्षराप्रमाणे लावली आणि तळटीप दिली की क्रमाचा काही अर्थ काढू नये. पुढच्या वेळी जागा निघाली तेव्हा नियमातलं ते कलम बदलून घेणाऱ्याही डॉक्टरबाईच होत्या, आणि तडेबाईंच्या कागदावर पहिली सही त्यांचीच होती.

कुलगुरू निवृत्त झाल्यावर अधूनमधून तळघरात येऊन बसत. तडा जाताना होणारा बारीकसा टिक् आवाज ऐकायला त्यांना आवडे. तो ऐकताना ते पेन्सिल चावत नसत. वृद्ध इंजिनिअर मात्र त्यानंतर परत भेटले नाहीत. लुकणाबद्दलचं त्यांचं एक पत्र तेवढं आलं होतं. हाडांचे डॉक्टर परगावी मुलाकडे गेले. धरणवाल्या सरांबरोबरचे निबंध अजूनही लोक वापरतात, आणि त्यांवर पहिलं नाव सरांचंच आहे.

ग्रंथपालबाईने ते लाल खंड शेवटपर्यंत हाताशी ठेवले. यजमान दर वर्षी एका शनिवारी भिंगं घेऊन तिच्याकडे जात आणि तलाववाल्या माणसाचं या वर्षी काय म्हणणं आहे ते पाहून येत. घरी आल्यावर सासूबाई विचारत, "काय म्हणतोय?" आणि यजमान सांगत. त्या माणसाचा चेहरा घरात कुणी कधी पाहिला नाही, पण सासूबाईंनी त्याच्यासाठीही एक स्वेटर विणून ठेवला होता. त्या गेल्या तेव्हा तो कपाटात सापडला. तडेबाईंनी तो त्याच्या पत्त्यावर पाठवून दिला. महिन्याभराने एक छायाचित्र आलं. आटलेल्या तलावात भेगाळलेल्या मातीवर एक उंच, टकला माणूस उभा होता, अंगात स्वेटर घालून. बाह्या जरा आखूड झाल्या होत्या.

तडेबाई प्राध्यापक होऊन, सेवा पुरी करून निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी त्यांचीच एक विद्यार्थिनी आली. तिनेही चिखल ओतायचं थांबवलं नाही.

विभागप्रमुखांची हकीकत सगळ्यात शेवटी कळली, आणि तीही पहारेकऱ्याकडून. तडेबाई प्राध्यापक होण्याआधीची गोष्ट, सासूबाईंच्या शेवटच्या आजारात त्या बरेच दिवस विद्यापीठात जाऊ शकल्या नव्हत्या. ट्रे आता कोरडे ठणठणीत झाले असणार, खोली गेली, अशी मनाची तयारी करूनच त्या एका सकाळी जिना उतरल्या. मधल्या टेबलावर एक ट्रे होता, काठोकाठ भरलेला, ओला. थर वेडावाकडा होता, कुणा अडाण्याने ओतावा तसा. कुणी ओतला, ते त्यांना कळेना.

पुष्कळ वर्षांनी, तडेबाईंच्या निवृत्तीच्या चहाच्या वेळी, पहारेकरी सहज बोलून गेला, "तुम्ही नव्हता ना बाई, तेव्हा तुमचे साहेब रोज खाली जायचे. बादली घेऊन. मी म्हटलं, मी नेतो, तर म्हणाले, नाही, कागदावर माझी सही आहे."

तडेबाईंनी चहाच्या गर्दीतून पलीकडे पाहिलं. विभागप्रमुख, आता पांढऱ्या केसांचे, कुणाशी तरी बोलत उभे होते. सवयीने त्यांनी एका हाताने पँट किंचित वर धरली होती, आणि तळघर तिथून तीन मजले खाली होतं.